मूत्राशयाची कैफियत

उतारवयातील पुरुषांच्या ज्या व्याधींविषयी घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही, त्यांत पौरुष ग्रंथीच्या वाढीचा, म्हणजे लोक ज्याला नुसते ‘प्रोस्टेट’ म्हणतात त्या विकाराचा, क्रमांक बराच वरचा लागतो. रक्तातली साखर, रक्तदाबाचे आकडे, गुडघ्यांची झीज यांची चर्चा सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत रोज होते. पण लघवीची धार बारीक झाली आहे, ती सुरू होण्यासाठी मोरीत मिनिटभर ताटकळावे लागते आणि होऊन गेल्यावरही मोकळे वाटत नाही, ही गोष्ट माणूस मित्राला सांगत नाही, मुलाला तर नाहीच नाही, आणि पुष्कळदा पत्नीपासूनही लपवून ठेवतो. बोलण्याऐवजी तो आपल्या दिनक्रमात गुपचूप फेरफार करीत जातो. एसटीने तालुक्याच्या गावी जायचे असले की सकाळचा चहा टाळायचा, लग्नघरी पोहोचल्यावर मंडपात बसण्याआधी मोरी कोठे आहे ते पाहून ठेवायचे, कीर्तनाला गेल्यावर दाराजवळची जागा धरायची, अशी ही तजवीज वर्षानुवर्षे चालते आणि ‘वय झाले, चालायचेच’ या एका वाक्याने तिच्यावर शिक्कामोर्तब होते.

पुढे कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी होते, अहवालात ग्रंथीचे वजन 48 ग्रॅम असल्याचे लिहून येते, आणि ज्याने इतकी वर्षे स्वतःचा त्रास मोजला नव्हता तो गृहस्थ त्या आकड्याने हबकून जातो. हा आकडा कर्करोगाचा तर नव्हे, शस्त्रक्रिया करावीच लागणार काय, अशा शंकांनी त्याची झोप उडते. वास्तविक त्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची नोंद बहुधा दोन ओळी खाली असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती मूत्र शिल्लक उरले, ही ती नोंद. या विकारात सगळे जण ग्रंथीकडे पाहतात. पण भोगतो तो मूत्राशय, आणि रोगाची खरी इयत्ता कळते ती त्याच्या अवस्थेवरून. म्हणून या लेखात त्याची बाजू विस्ताराने मांडावयाची आहे.

पौरुष ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रनलिकेच्या आरंभीच्या भागाला चोहोबाजूंनी वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे 20 ग्रॅम वजनाची असते आणि वीर्यातील द्रवाचा काही अंश निर्माण करणे हे तिचे काम. शरीरातील बहुतेक अवयव वयाबरोबर आक्रसतात. ही ग्रंथी मात्र चाळिशीनंतर पुन्हा वाढू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पन्नाशीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशी ओलांडल्यावर दहांतील आठ-नऊ जणांत, या वाढीच्या खुणा सापडतात. इतक्या सार्वत्रिक गोष्टीला रोग म्हणावे की वार्धक्याचा धर्म, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आणि ज्यांच्या ग्रंथीत वाढ आहे त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर काहीच उपद्रव होत नाही, हेही खरे आहे.

ही वाढ कशाने होते, याचा उलगडा वैद्यकाला जेथून झाला ती हकीकत सांगण्यासारखी आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या एका खेड्यात काही कुटुंबे अशी होती, की त्यांतील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्या ठायी पुरुषत्वाची लक्षणे प्रकट होत. 1974 साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारे विकर अशा मुलांच्या शरीरात जन्मापासूनच उणे होते. पुढे लक्षात आले, की ही मंडळी प्रौढ झाली तरी त्यांची पौरुष ग्रंथी अगदी लहानच राहते. ग्रंथीला वाढीचा हुकूम देणारे संप्रेरक कोणते, हे त्यावरून निश्चित झाले, आणि त्याच विकराला रोखणारे फिनास्टेराइड हे औषध 1992 साली अमेरिकेत मान्य झाले. एका आडबाजूच्या खेड्यातील थोड्या कुटुंबांच्या निसर्गदत्त वैगुण्यातून जगभरच्या वृद्धांना उपयोगी पडणारे औषध निघावे, यात मला वैद्यकाच्या इतिहासातील एक अतिशय उदात्त गोष्ट दिसते.

आता वाढ कोठे होते ते पाहणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळशा गैरसमजांचे मूळ तेथे आहे. वयोमानाने होणारी निरुपद्रवी वाढ ग्रंथीच्या आतल्या, मूत्रनलिकेला लागून असलेल्या भागात होते. कर्करोग बहुतांशी बाहेरच्या भागात उद्भवतो. म्हणजे एकाचे रूपांतर दुसऱ्यात होते असे नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, ही बाब निराळी, आणि तपासणी करावयाची ती त्यासाठी. शिवाय आतला भाग नेमका कोणत्या दिशेने वाढला यावर सारे अवलंबून असते. एखाद्याची 80 ग्रॅमची ग्रंथी बाहेरच्या बाजूस पसरल्यामुळे त्याला खुशाल झोपू देते, तर दुसऱ्याची 30 ग्रॅमचीच ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असा उंचवटा निर्माण करते की त्याला थेंब-थेंब करीत उभे राहावे लागते. वजनाच्या आकड्यावरून त्रासाचे अनुमान बांधता येत नाही ते या कारणाने.

अडथळाही दुहेरी असतो. वाढलेल्या मांसल भागाचा दाब हा एक; आणि ग्रंथीत व मूत्राशयाच्या मुखाशी जे अनैच्छिक स्नायू असतात त्यांचे आवळून राहणे हा दुसरा. पहिला अडथळा दिवसागणिक बदलत नाही, दुसरा थंडीत, चिंतेत, काही औषधांनी एकाएकी वाढतो. उन्हाळ्यात बरा असलेला माणूस डिसेंबरात कुरकुरू लागतो, याचा खुलासा बराचसा येथे मिळतो.

आणि आता मूत्राशय. पुढचा मार्ग अरुंद झाला की तो तक्रार न करता अधिक जोर लावू लागतो. स्नायूंनी बनलेल्या त्याच्या भिंती जाड होतात, आतून पाहिले असता त्यांवर दोरखंडासारखे उंचवटे उठलेले दिसतात, आणि या श्रमांच्या बळावर कित्येक वर्षे काम बिनबोभाट चालते. परंतु जाड झालेला मूत्राशय तितकाच चिडखोरही होतो. थोडेसे मूत्र साठताच तो आकुंचन पावू पाहतो, आणि मग दर तासाला जावे लागणे, लघवीची घाई होऊन मोरीपर्यंत पोहोचेपर्यंत धीर न निघणे, रात्री तीन-चार वेळा उठणे ही लक्षणे सुरू होतात. यानंतरची अवस्था थकव्याची. जोर लावूनही तो पुरता रिकामा होत नाही, आत शंभर, दोनशे मिलिलिटर मूत्र साचून राहते, त्यात जंतूंचा प्रादुर्भाव होतो, खडे बनतात, भिंतीचे पोकळ फुगे बाहेर येतात. सर्वांत शेवटी दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि त्यांचे कार्य मंदावते.

यांतील अधिक धोक्याचा प्रकार तो, ज्यात वेदना मुळीच नसते. मूत्राशय हळूहळू ताणत जातो, अर्धा-एक लिटर मूत्र आत कायमचे राहते, आणि भरलेल्या भांड्यातून वाहावे तसे थोडे थोडे बाहेर पडते. माणूस सांगतो, ‘मला लघवी तुंबण्याचा त्रास नाही, उलट ती फार वेळा होते.’ सत्तरीच्या गृहस्थाचे अंथरूण रात्री नकळत ओले होऊ लागले तर घरातील माणसे ते म्हातारपणाचे समजून मेणकापड घालतात. त्याऐवजी त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी करून घ्यावी. या एका लक्षणाकडे झालेली हयगय मूत्रपिंडांना भोवते, म्हणून ते येथे आग्रहाने नमूद करीत आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना या व्याधीची ओळख होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाताष्ठीला या नावाने गुद आणि मूत्राशय यांच्या दरम्यान होणाऱ्या, मूत्र अडविणाऱ्या कठीण गाठीचे वर्णन येते, आणि आजच्या वैद्यांना तिचे या विकाराशी साम्य दिसते. अर्वाचीन शस्त्रक्रियेच्या इतिहासातही हिंदुस्थानाचा दूरान्वयाने संबंध आहे. पीटर फ्रेअर हा आयरिश शल्यविशारद 1875 साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला, उत्तर हिंदुस्थानात सुमारे वीस वर्षे नोकरी करीत असता मूत्राशयातील खडे फोडून काढण्यात त्याने नाव मिळवले, आणि लंडनला परतल्यावर 1900 सालापासून ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेला भाग बोटाने सोडवून काढण्याची शस्त्रक्रिया तो करू लागला. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी ती त्याच्या आधीच केली होती, आणि श्रेयाचा तो वाद बराच काळ चालला. पण शस्त्रक्रियेचा प्रसार झाला तो फ्रेअरमुळे.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते, याविषयी पुष्कळांच्या मनात जी भीती असते ती बहुतांशी अज्ञानातून येते. प्रथम सात प्रश्न विचारले जातात: पुरते रिकामे झाल्यासारखे वाटते काय, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते काय, धार मध्येच थांबते काय, रोखून धरणे कठीण जाते काय, धार मंद आहे काय, जोर करावा लागतो काय, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असली तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र. गुदद्वारातून बोटाने करावयाच्या तपासणीला माणसे फार संकोचतात. ती मिनिटाच्या आत उरकते, आणि ग्रंथी गुळगुळीत व लवचीक आहे की कोठे दगडासारखी टणक लागते, हे तिच्यावरून समजते. धारेचा वेग मोजण्याचे यंत्र असते. पोट भरून पाणी पिऊन त्यात नेहमीसारखी लघवी करावयाची. सेकंदाला 15 मिलिलिटरच्या वर कमाल वेग असला तर मोठा अडथळा संभवत नाही, 10 च्या खाली आला तर संशय बळावतो. मात्र थकलेल्या मूत्राशयाचीही धार मंदच असते. दीर्घकाळच्या मधुमेहाने किंवा कंपवाताने मूत्राशयाच्या मज्जातंतूंवर परिणाम झालेला असल्यास ग्रंथी काढूनही लाभ होत नाही, म्हणून अशा रोग्यांत शस्त्रक्रियेपूर्वी मूत्राशयाचा दाब मोजून घेणे श्रेयस्कर.

कर्करोगाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या रक्तातील पीएसए या तपासणीचा बोभाटा फार झाला आहे. ग्रंथीत तयार होणारा हा पदार्थ निरुपद्रवी वाढीने, जंतुसंसर्गाने, मूत्रमार्गात नुकत्याच घातलेल्या नळीनेही वाढतो. त्यामुळे एकाच आकड्यावरून निकाल देता येत नाही. फिनास्टेराइड सहा महिने घेणाऱ्याचा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नसली तर खरा वाढलेला आकडा साधा वाटून जाण्याची भीती असते. आपण कोणती औषधे घेतो याची यादी खिशात ठेवावी, हे त्यासाठीच.

रात्रीच्या उठण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ग्रंथीवर नाहक आळ येतो तो येथे. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना डॉक्टरांनी तीन दिवस वही ठेवायला सांगितली होती. त्यांनी मापाच्या पेल्याने मोजून, रेघा आखून, वेळ आणि मिलिलिटर असे दोन रकाने नेटाने भरले होते. दिवसभराची बेरीज जेमतेम 700. आणि रात्री साडेबाराला 350, तीनला 400, पहाटे साडेपाचला 380. ज्याचा मूत्राशय एका वेळी 400 मिलिलिटर धरून ठेवतो आणि धारेने बाहेर टाकतो, त्याचा प्रश्न अडथळ्याचा नव्हे; रात्री मूत्रच जास्त तयार होते आहे. त्यांचे घोटे संध्याकाळी सुजत असत, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू होते, आणि दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतून मूत्ररूपाने बाहेर पडत होते. औषध बदलले, दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडण्याचा परिपाठ ठेवला, आणि उठणे एकावर आले. हृदयाची दुर्बलता, अनियंत्रित मधुमेह, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, संध्याकाळी घेतलेली मूत्रल गोळी, ही कारणेही अशीच वहीतून उजेडात येतात. दोन रुपयांच्या वहीने जे साधते ते पुष्कळदा महागड्या तपासणीने साधत नाही, असे माझे मत झाले आहे.

सौम्य त्रासात औषधाची घाई नसावी. रात्रीच्या जेवणानंतर पाणी बेताने प्यावे, पण दिवसाचे पाणी तोडू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लघवीच्या भयाने पाणी टाळणारा माणूस मूतखड्याला आमंत्रण देतो. संध्याकाळनंतरचा चहा सोडावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण भरलेल्या मलाशयाचा दाब नेमका तेथेच पडतो. लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा. उभ्याने जमत नसेल तर बसून करावी. आणि सर्दीपडशाच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नयेत. त्यांतील नाक मोकळे करणारे द्रव्य मूत्राशयाचे तोंड आवळते आणि गुंगी आणणारे द्रव्य मूत्राशयाला सुस्त करते. अशा गोळीनंतर, किंवा मद्यपानानंतर, किंवा लांबच्या प्रवासात फार वेळ रोखून धरल्यावर लघवी एकदम बंद होते. ओटीपोट तटतटून फुगते, कळा असह्य होतात. अशा वेळी घरगुती काढे, शेक, अधिक पाणी पिणे यांत रात्र घालवू नये. जवळच्या दवाखान्यात मूत्रमार्गातून नळी घालून घ्यावी. बहुधा त्याच दिवशी औषध सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात, आणि पुष्कळांना पुन्हा आपसूक लघवी होऊ लागते.

औषधांचे मुख्य वर्ग दोन, आणि ते वर सांगितलेल्या दोन अडथळ्यांना अनुसरूनच आहेत. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही औषधे स्नायू सैल करतात. गुण आठवड्या-पंधरवड्यात दिसतो, ग्रंथी मात्र लहान होत नाही. त्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसावे. वीर्य बाहेर कमी येते किंवा येत नाही. याची पूर्वकल्पना नसलेला माणूस घाबरून गोळी बंद करतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असल्यास नेत्रवैद्याला या औषधाचे नाव आवर्जून सांगावे, कारण त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातील कनीनिका ढिली पडते. अमेरिकेतील शल्यविशारदांनी 2005 साली हे दाखवून दिले. दुसऱ्या वर्गातील फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ग्रंथीला सुमारे पाव हिश्शाने आटवतात, पण त्यांना सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते, आणि लाभ मोठ्या ग्रंथीतच होतो. कामेच्छा कमी होणे हा त्यांचा दोष काहींत आढळतो. घरात गर्भवती असल्यास तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. दोन्ही वर्गांची औषधे एकत्र दिल्याने विकार बळावण्याचे प्रमाण औषधाविना राहणाऱ्यांच्या तुलनेने सुमारे दोन-तृतीयांश घटते, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसून आले. सॉ पाल्मेटो या झाडाचा अर्क जगभर विकला जातो. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत, 2006 आणि 2011 साली, तो खोट्या गोळीहून सरस ठरला नाही.

लघवी वारंवार तुंबणे, मूत्राशयात खडे होणे, पुनःपुन्हा जंतुसंसर्ग, न थांबणारा रक्तस्राव आणि मूत्रपिंडांवर दाब, यांपैकी काही घडले म्हणजे शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. आज ती बहुधा मूत्रमार्गातूनच, पोटावर टाका न घालता होते: दुर्बिणीतून पाहत विजेच्या तारेच्या फासाने आतला भाग कापून काढतात, किंवा लेसरच्या साह्याने तो सालीपासून सोडवतात, आणि फार मोठ्या ग्रंथीही या दुसऱ्या पद्धतीने निघतात. कंबरेखालचा भाग बधिर करून हे काम होते. नळी बहुतेकांची एक ते तीन दिवसांत निघते. पुढे काही आठवडे जळजळ, घाई आणि मधूनमधून तांबूस लघवी हे अपेक्षित समजावे. जड वजन उचलणे व जोर करणे टाळावे. संभोगाच्या वेळी वीर्य मागे मूत्राशयात जाणे हा बहुतेकांत घडणारा आणि कायम राहणारा फरक असून ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही. हे शस्त्रक्रियेपूर्वी पतीपत्नी दोघांना समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. ग्रंथीचा बाहेरचा भाग जागच्या जागीच राहतो, म्हणून कर्करोगासाठीची तपासणी पुढेही डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवावी.

नळी निघाली की धार पहिल्याच दिवसापासून सुधारते. घाई आणि वारंवार जाणे मात्र हळूहळू ओसरते, कारण वर्षानुवर्षे जोर लावून जाड झालेल्या मूत्राशयाला पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. आणि ज्याचा मूत्राशय ताणून पार सैल झाला आहे त्याचा तो अडथळा गेल्यावरही पुरता रिकामा होईलच असे नाही. अशा काहींना दिवसातून दोन-तीनदा स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामा करण्याचे तंत्र शिकवतात; नळी स्वच्छ हातांनी वापरावी एवढेच पथ्य, आणि वयस्कर माणसेही ते आठवडाभरात आत्मसात करतात. शस्त्रक्रियेनंतर दीड ते तीन महिन्यांनी धारेचा वेग आणि शिल्लक मूत्र पुन्हा मोजतात. पहिल्या अहवालातील ती दोन ओळी खालची नोंद त्या वेळी सोबत न्यावी, म्हणजे फरक किती पडला हे ताडून पाहता येते.